रतनबेनच्या ताडपत्रीवरचा देवदूत

रविवारी सकाळी आई दाराची कडी बोटाने धरून, आवाज होऊ न देता सरकवायची, आणि खाटेवर बाबा झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचे. कडी वाजली असती तर त्यांना विचारावं लागलं असतं की कुठे निघालीस, आणि तिला काहीतरी खोटं सांगावं लागलं असतं. ते दोघांनाही नको होतं. मी बारावीला गेले तेव्हापासून आई मलाही बरोबर न्यायला लागली. आम्ही जिना उतरून फाटकापाशी पोचलो की वरून बाबांचा रेडिओ सुरू झाल्याचं ऐकू यायचं. मग आई चालण्याचा वेग वाढवायची. माणिकपूरला आमची दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढी जागा होती, आणि त्या जागेत आई दर रविवारी काहीतरी आणून ठेवायची. बाबांना पसारा सहन होत नसे. ते ओरडत नसत, पण संध्याकाळी नवी वस्तू दिसली की चहाचा कप हातात घेऊन ती ठेवलेल्या जागेकडे पाठ करून बसत.

गोखिवऱ्याच्या बाजूला छोट्या कारखान्यांचे गाळे होते. त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत तेव्हा रविवारी जुना बाजार भरायचा. आता तिथे दोन टॉवर उभे आहेत आणि त्यातल्या एकात माझे दातांचे डॉक्टर राहतात. त्यांना मी एकदा सांगितलं की तुमची गाडी उभी असते तिथे मी शिसवी लाकडाचा पाट विकत घेतला होता, तर ते हसले, त्यांना ती थाप वाटली. बाजार म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्र्या आणि गोणपाटं. गंजलेले पंखे, जहाजांवरून उतरवलेले दिवे, चिनीमातीच्या बरण्या, अडकित्ते, आणि त्यात कुठेतरी दडलेलं एखादं खरं हातकाम: विणलेला रुमाल, लाखेचा पाळणा, कोणीतरी महिनाभर बसून भरलेला कशिदा. आईचा हात त्या ढिगात बरोबर तिथेच जायचा. ती वस्तू उलटी करून मागची बाजू बघायची. पुढची बाजू दुसऱ्यांसाठी केलेली असते, म्हणायची, मागे माणूस एकटा असतो. तिचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंतच झालेलं. पण टाका हातचा की मशीनचा, रंग आताचा की मुरलेला, हे ती दोन हातांवरून सांगायची, आणि विक्रेते तिच्यासमोर थापा मारायचं टाळायचे.

तिची खरी मैत्री होती रतनबेनशी. रतनबेन आठवडाभर जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत गल्लोगल्ली फिरायची आणि रविवारी तिथे बसायची. आडव्या बांध्याची, नाकात मोठी चमकी, गुजराती वळणाचं मराठी. तिच्याकडे घराघरांतून बायका गुपचूप वस्तू आणून द्यायच्या, आणि कोणी काय आणलं हे ती कोणालाही सांगायची नाही. तिच्या धंद्याचा तोच पाया होता.

मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षाच्या सुरुवातीला आईला आणखी एक मैत्रीण मिळाली. माणिकपूरच्या एका शिवणवर्गात क्रोशाचे नवे टाके शिकवायला एक बाई यायच्या, त्या कार्मेलीनमावशी. चाळिशीच्या, सडपातळ, जाड काचांचा चष्मा, बोलणं हळू. त्यांचं घर पश्चिमेच्या एका गावात, केळीच्या वाडीत होतं. आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो त्या दुपारची शांतता मला अजून ऐकू येते. पानवेलींच्या मांडवात वाऱ्याची सळसळ, आणि बावखलात, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, मधूनच बेडकाने उडी मारल्याचा आवाज. मावशींनी तांदळाच्या रोट्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं, आणि निघताना केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी हातात दिली. ती वाळवलेली केळी इतकी गोड होती की घरी जाईपर्यंत मी अर्धी संपवली. घरातली माणसं आपसात त्यांच्या बोलीत बोलायची आणि आमच्याकडे वळली की शाळेतलं मराठी. त्यांची मुलगी रीमा माझ्याच वयाची. तिला नर्स व्हायचं होतं. वडील, इनासकाका, कामाला वाघ, मोजकं बोलणारे. वाडीत विहिरीवर मोटार बसवायची होती आणि घरातला पैसा न् पैसा त्या मोटारीसाठी थांबला होता. रीमाने एक वर्ष थांबावं असं त्यांचं म्हणणं होतं. मागच्या दारी भांडी घासायला आणि फुलं खुडायला मंगली नावाची बाई होती. चिंचोटीच्या अलीकडच्या पाड्यावरून पहाटेच्या बसने यायची आणि त्या आळीतल्या सात-आठ घरांची कामं करून दुपारी परत जायची. ती काम करताना सतत गुणगुणायची, आणि मावशी आतून तिला गाणं मोठ्याने म्हणायला सांगायच्या.

आईनेच मावशींना बाजार दाखवला. त्या दोन-तीनदा आल्या आणि रतनबेनशेजारी बसून जुन्या लेसचे तुकडे चाळत राहिल्या. जूनमध्ये रीमाचा प्रवेश झाला. रीमाच्या मुंबईतल्या मावशीने फीचा पहिला हप्ता भरला असं आम्हाला कळलं, आणि रीमा होस्टेलवर गेली.

त्याच सुमारास एका रविवारी रतनबेनने आईला ताडपत्रीच्या मागच्या बाजूला बोलावलं आणि पोत्यातून एक लाकडी देवदूत काढला. हातभर उंचीचा, एक गुडघा टेकलेला, दोन्ही तळवे पुढे केलेले, डाव्या पंखाचं टोक मोडलेलं. निळा रंग बऱ्याच ठिकाणी उडाला होता आणि खालचं लाकूड मधासारखं दिसत होतं. आईने तो उलटा केला. पाठीवर पटाशीचे छोटे छोटे घाव होते, एकाच दिशेने, जसे पाण्यावर तरंग. ती इतका वेळ बघत बसली की रतनबेन हसायला लागली. हे मुंबईच्या शेठला द्यायचं होतं, म्हणाली, पण तुझ्याशिवाय याला बघणार कोण? आईकडे तेवढे पैसे नव्हते. पुढच्या रविवारी तिने पिशवीतून स्वतःचा लग्नातला शालू आणला आणि जरीच्या किमतीवर तो देवदूत घरी आला. शालूचं बाबांना सांगायचं नाही, एवढंच तिने मला बजावलं. देवदूत शोकेसवर, टीव्हीच्या शेजारी विराजमान झाला.

गणपतीत कार्मेलीनमावशी आमच्याकडे आल्या होत्या. आईने मोठ्या हौसेने त्यांना शोकेसकडे नेलं. मावशींनी बघितलं, छान आहे म्हणाल्या आणि पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तर त्या खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. बाबांसारखंच, असं मला तेव्हा वाटलं, आणि गंमतही वाटली. त्यानंतर त्या आल्या नाहीत. आई दोनदा त्यांच्या घरी गेली तर दोन्ही वेळा त्यांना कुठेतरी निघायचं होतं. नाताळला तुम्ही आमच्याकडेच जेवायचं, हे त्या मार्चपासून म्हणत होत्या. डिसेंबर लागला तरी बोलावणं आलं नाही.

नाताळ दहा दिवसांवर असताना, एका गुरुवारी, मला माणिकपूरच्या नाक्यावर रीमा भेटली. दुकानांपुढे कागदी तारे टांगले होते आणि ती त्यातला एक निवडत होती. होस्टेलवरून ती कालच आली होती. मी विचारलं, गोठा करायला घेतला का? त्यांच्याकडे नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मोठा करतात, गावातले लोक बघायला येतात, एवढं तिने मला पूर्वी सांगितलं होतं. तर तिचा चेहरा उतरला. या वर्षी गोठ्यावर देवदूत नाही, म्हणाली. तो पप्पांच्या आजोबांच्या वेळचा, गावातल्याच एका सुताराने केलेला. वर्षभर पेटाऱ्यात असतो, डिसेंबरातच बाहेर निघतो. परवा पेटारा उघडला तर नव्हता. मंगलीने चोरला. पप्पांनी चौकीवर तक्रार दिली, आणि आज मंगलीच्या नवऱ्याला बोलावून घेतलंय.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं, दिसायला कसा होता.

"गुडघा टेकलेला," रीमा म्हणाली. "डावा पंख थोडा मोडलाय."

तिने निवडलेला लाल तारा चांगला आहे असं म्हणाले आणि रस्ता ओलांडला. घरी पोचले तेव्हा आई गवार मोडत बसली होती आणि तिच्या डोक्यावर, शोकेसवर, तो दोन्ही तळवे पुढे करून बसला होता. मी तिला सांगितलं. तिने गवारीचं ताट बाजूला ठेवलं, हात पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग ती शोकेसपाशी जाऊन उभी राहिली. तिने त्याला हात लावला नाही.

संध्याकाळी बाबांना सांगावंच लागलं, आणि ओघात शालूचंही सांगितलं गेलं. मला वाटलं, आता ते पहिल्यांदाच ओरडतील. पण ते शालूबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी उठून खिडकी लावली, देवदूत वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पोटमाळ्यावर पाण्याच्या पिंपामागे ठेवला. चोरीचा माल घरात सापडला तर घेणाऱ्यालाही धरतात, म्हणाले. त्यांची कंपनीतली नोकरी, सोसायटीतलं नाव, माझं पुढचं शिक्षण, सगळं त्यांनी हळू आवाजात, एकेक करून सांगितलं. पहाटे भाईंदरच्या खाडीवर जाऊन टाकून येतो, असंही म्हणाले. आई म्हणाली, रविवारपर्यंत थांबा. मंगलीनेच तो रतनबेनला विकला असेल तर तसं कळेल. आणि नसेल विकला, तर तिचा नवरा चौकीत बसलाय.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही दाराच्या घंटीकडे कान लावून काढले. दूधवाला आला तरी बाबा ताठ व्हायचे. आमच्या मजल्यावरच्या शेजारणीने आईला सहज विचारलं, तुमचा तो देवदूत कुठे गेला, तर आईने भाचीला दिला असं सांगितलं आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. शनिवारी दुपारी मी धीर करून रीमाच्या घरी फोन लावला. तिच्याकडून कळलं की मंगलीच्या नवऱ्याला दिवसभर बसवून सोडलं, सोमवारी पुन्हा बोलावलंय, आणि आळीतल्या सगळ्या घरांनी मंगलीला कामावरून बंद केलंय. तुझी आई कशी आहे, मी विचारलं. रीमा म्हणाली, मम्मी दोन दिवस जेवली नाही, पणजोबांची वस्तू गेली म्हणून.

त्या रविवारी आईने कडी सरळ वाजवली. बाबा उठून बसलेच होते. ते दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, आईच्या बरोबर राहा.

आम्ही थेट रतनबेनच्या ताडपत्रीपाशी गेलो. आईने विचारलं, ती वस्तू मंगली नावाच्या बाईने आणली होती का, पाड्यावरची, सावळी, डोक्याला फडकं बांधणारी. रतनबेन डबे पुसत राहिली. मी नाव सांगत नाही, म्हणाली, एकीचं सांगितलं की दुसरी येणार नाही. आई तिच्यासमोर ताडपत्रीवर बसली. शेजारी एक माणूस पितळी घंटा वाजवून दाखवत होता, पुन्हा पुन्हा, आणि गिऱ्हाईक ऐकतच नव्हतं. आईने चौकीचं सांगितलं. मंगलीच्या नवऱ्याचं सांगितलं. रतनबेनचा हात थांबला.

"पाड्याची बाई कशाला आणेल?" ती म्हणाली. "तुझीच बेनपणी, मैत्रीण. चष्मावाली."

आईला कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. रतनबेननेच पुढे सांगितलं. मावशी एकट्या आल्या होत्या, पदराखाली गुंडाळून. मुलीची फी भरायची आहे म्हणाल्या. आणि एकच विनंती केली होती की इथे कोणाला देऊ नको, मुंबईच्या शेठलाच दे. ती मी मोडली, रतनबेन म्हणाली, कारण तुला ती वस्तू इतकी आवडेल हे मला माहीत होतं.

परतताना आई एका बंद गाळ्याच्या पायरीवर बसली. मला तेव्हा गणपतीतली ती फिरवलेली खुर्ची आठवली आणि मी तिला सांगितली. तिने मान हलवली, तिलाही आठवली होती. मग ती म्हणाली की आपण दुपारी तिथे जायचं, वस्तू परत द्यायची, बाजारात मिळाली एवढंच सांगायचं. बाकीचं कार्मेलीन स्वतः सांगेल. तू तोंड उघडायचं नाहीस. मी कबूल केलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, तिचं गणित चुकीचं नव्हतं. मैत्रिणीला स्वतःहून बोलायची एक संधी द्यायची, एवढंच तिला हवं होतं. फक्त त्या संधीला किती वेळ द्यायचा हे तिने ठरवलं नव्हतं.

इनासकाका चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेहून, म्हणजे प्रार्थनेहून येऊन, जेवून ओसरीवर बसले होते. गोठ्यासाठी आणलेलं सुकं गवत कोपऱ्यात पडलं होतं. आईने रिक्षातून उतरल्यापासून छातीशी धरलेली टॉवेलची गुंडाळी टेबलावर ठेवली आणि सोडली. रीमा धावत आली. इनासकाकांनी देवदूत उचलला, पंखाच्या मोडक्या टोकावरून अंगठा फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या कठोर माणसाला तसं बघायची माझी तयारी नव्हती. मावशी आतल्या दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी आईकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली.

आईने सांगितलं, मी हा जूनमध्ये गोखिवऱ्याच्या बाजारात घेतला. तुमचा आहे हे मला गुरुवारी कळलं. इनासकाकांनी विचारलं, कोणाकडून घेतलात? आईने रतनबेनचं नाव सांगितलं. तिला कोणी विकला? आई म्हणाली, ती सांगत नाही. हे म्हणताना तिने मावशींकडे बघितलं, आणि आम्ही सगळ्यांनी वाट बघितली. म्हणजे आई आणि मी वाट बघितली. बाकीच्यांना कशाची वाट बघायची हे माहीतच नव्हतं.

मावशी बोलल्या नाहीत. इनासकाका मात्र बोलायला लागले, आणि मी त्यांना तेवढं बोलताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बरं झालं, साक्षीदार मिळाली, म्हणाले. उद्या मंगलीच्या नवऱ्याला बोलावलंच आहे. त्या भांडीवालीला सकाळी रिक्षात घालून चौकीवर नेतो, मंगलीला समोर उभी करतो, पोलिसांपुढे बरोबर सांगेल. सहा वर्षं घरात जेवली, म्हणाले, आणि आजोबांच्या वस्तूला हात घातला. ते उठून खुंटीवरचा शर्ट काढायला लागले, आत्ताच चौकीवर सांगून येतो म्हणून. मावशींनी चौकट इतकी घट्ट धरली होती की त्यांची नखं पांढरी पडली होती. काका शर्टाची बटणं लावत होते. एक, दोन, तीन. मी बटणं मोजत होते हे मला स्पष्ट आठवतं. चौथ्याला मी बोलले.

"रतनबेनने सांगितलंय," मी म्हणाले. "मावशींनी विकला. रीमाच्या फीसाठी."

आईने माझा दंड धरला, पण तोपर्यंत झालं होतं. इनासकाका माझ्याकडे न बघता मावशींकडे वळले. मला वाटलं, ते हात उचलतील. रीमालाही तसंच वाटलं असावं, कारण ती पटकन मावशींच्या पुढे जाऊन उभी राहिली. पण काका तसेच, अर्धीच बटणं लावलेले, उभे राहिले. ते त्यांच्या बोलीत बोलले, पण एवढं मला समजलं. मला का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या. "तीनदा."

मागे विहिरीवर नवी मोटार चालू होती. तिचा आवाज इतका वेळ चालूच असणार, पण मला तो तेव्हा ऐकू आला. काका खुर्चीवर बसले. रीमा माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत काय होतं ते मी इथे लिहायचा प्रयत्न करत नाही. मग काका उठले, उरलेली बटणं लावली आणि चौकीवर गेले. तक्रार मागे घेऊन आले. काय सांगितलं ते त्यांनी घरात कधीच बोलून दाखवलं नाही. रीमाचे पुढचे सगळे हप्ते त्यांनी भरले. आईला शालूचे पैसे द्यायला ते आमच्या जिन्यापर्यंत आले होते, आईने घेतले नाहीत. रीमा माझ्याशी पुढे कित्येक वर्षं बोलली नाही. आपल्या आईला आपल्यासमोर उघडं पाडणारी मैत्रीण तिला नको होती, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी ती रोज फोन करायची, औषधांच्या वेळा विचारायची. त्या दुपारचा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. सोमवारी सकाळी कार्मेलीनमावशी आमच्या दारात उभ्या होत्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. त्या आत आल्या नाहीत. सुमन, माझ्याबरोबर चल, एवढंच आईला म्हणाल्या. आईने पायात चपला घातल्या. मी न विचारता निघाले आणि मला कोणी थांबवलं नाही. चिंचोटीच्या फाट्यावर उतरून आम्ही चालत गेलो. पावसाळ्यात तिथे धबधब्यावर जाणाऱ्यांची झुंबड असते, डिसेंबरात रस्ता मोकळा होता आणि शेतात पेंढा पडला होता. मंगली तिच्या कुडाच्या घरापुढे भात पाखडत बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही. तिचा नवरा आत होता. तो बाहेर आला, आम्हाला बघितलं आणि परत आत गेला.

मावशींनी उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी विकला, माहीत असून गप्प राहिले, तुझं नाव आलं तेव्हाही गप्प राहिले. शेवटी त्यांनी हात जोडले आणि परत कामाला ये म्हणाल्या. मंगली सूप हलवायची थांबली नाही. फोलपटं उडून मावशींच्या साडीवर बसत होती. आम्ही उभ्याच होतो. मग तिने सूप खाली ठेवलं.

"मना कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "मी नाय घेतला ता मना ठावं हाय. आळीतल्या लोकांना ठावं नाय. त्यांना सांग."

मावशी म्हणाल्या, सांगेन, जाऊन सगळ्यांना सांगेन. मंगलीने मान हलवली. तू काय सांगशील ता मना कसा ठावं होनार, म्हणाली. मी येते.

तिने घरात जाऊन लुगडं बदललं, केस विंचरले, आणि आमच्याबरोबर निघाली. बसमध्ये ती वेगळ्या बाकावर बसली. आळीत पोचेपर्यंत दुपार झाली होती. घराघरांतून नेवऱ्या, म्हणजे करंज्या तळल्याचा वास येत होता, तारे लावायचं काम चाललं होतं, मुलं बांबूच्या काठ्या कापत होती. पहिल्या घरापाशी मावशी थांबल्या. मला वाटलं, त्या परत फिरणार. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, काही म्हणाली नाही, फक्त शेजारी उभी राहिली. मंगली फाटकापाशी, रस्त्यावर राहिली, तिथून दार दिसेल अशी.

घरातली बाई बाहेर आली, हात पिठाचे. मावशींनी त्यांच्या बोलीत सांगितलं. देवदूत मी विकला, मंगलीने घेतला नव्हता. ती बाई एकदा मावशींकडे, एकदा आईकडे आणि मग फाटकाकडे बघत राहिली. काही विचारायला तोंड उघडलं तर मावशींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथे म्हाताऱ्या सासूला कमी ऐकू यायचं, तर मावशींना ओरडून सांगावं लागलं, आणि शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. एका घरात पुरुष होते, ते हसले. एका घरातून आम्हाला आत बोलावून बसा म्हणाले, मावशी बसल्या नाहीत. मंगली काम करत होती ती सगळी घरं झाली, आणि मावशी घरी वळायला लागल्या तेव्हा तिने बोट दाखवलं. क्रूसापलीकडची तीन घरं राहिली होती. त्या घरांत तिने कधी काम केलं नव्हतं, पण तिथल्या पोरांनी परवा तिला चोर म्हणून हाक मारली होती. मावशी तिथेही गेल्या. पाचव्या-सहाव्या घरापर्यंत त्यांचा आवाज कापत होता, नंतर कापायचा थांबला. शेवटच्या घरात त्यांनी ते वाक्य असं म्हटलं की जणू त्या नाव-पत्ता सांगताहेत.

प्रत्येक घरासमोर मंगली फाटकापाशी उभी राहून वाक्य पूर्ण होईपर्यंत ऐकायची, आणि मगच पाय उचलायची. शेवटच्या घरातल्या बाईने पानात चार नेवऱ्या गुंडाळून तिच्याकडे आणल्या आणि उद्यापासून ये म्हणाली. मंगलीने नेवऱ्या घेतल्या, पदरात बांधल्या. नाताळ झाल्यावर येईन, म्हणाली. तीन वाजताची बस आहे का, तिने आईला विचारलं. आईने घड्याळ बघून आहे म्हणून सांगितलं. ती निघाली. वाटेत कार्मेलीनमावशींचं घर लागत होतं. फाटक उघडं होतं, ओसरीवर इनासकाका गोठ्याचं गवत पसरत बसले होते, आणि तिला बघून ते उठून उभे राहिले. मंगली रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, न थांबता, नेहमीच्या चालीने पुढे गेली.